रत्नागिरी विमानतळ ते चिपी विमानतळ: अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागतो?

रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या चिपी विमानतळापर्यंत हवाई अंतर साधारण ११४ किलोमीटर, म्हणजे वैमानिकांच्या हिशेबात ६२ सागरी मैल. वेळ विचाराल तर अंतर मोजून देणाऱ्या वेबसाइटी ३८-४० मिनिटं सांगतात. पण त्यावर बेत आखू नका, या दोघांत थेट विमान नाही.

हे ३८ येतात कुठून? अशा बऱ्याच वेबसाइटी ताशी ८०० किलोमीटर वेग धरतात. ११४ किलोमीटरला झाली साडेआठ मिनिटं. त्यात चढणं-उतरणं म्हणून सरसकट अर्धा तास मिळवला की झालं. लांबच्या पल्ल्याला हा हिशेब ठीक आहे. आमच्या कोल्हापूर-मुंबईलाही, म्हणजे तीनशेच्या आसपास किलोमीटरला, तो फार चुकत नाही. पण ११४ किलोमीटरमध्ये विमान नीट वर जाईतो खाली यायची वेळ होते, तिथं ८०० चा वेग कुठला गाठणार! त्यात छोट्या धावपट्ट्यांवर येतं ते एटीआर नावाचं पंख्याचं छोटं प्रवासी विमान, त्याचा वेगच ताशी ५०० च्या घरात. ते उडालंच तर हवेत अंदाजे पंचवीस मिनिटं, आणि दार लावल्यापासून उघडेपर्यंत चाळीसेक. थोडक्यात, उत्तर जवळपास बरोबर, पण रीत चुकलेली. शाळेत गुरुजींनी अर्धेच मार्क दिले असते.

रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाच्या वापरात आहे. चिपीहून प्रवासी विमानं ऑक्टोबर २०२१ पासून सुरू झाली, तिथली धावपट्टी अडीच किलोमीटरची आहे. नकाशावर दोन्हींमध्ये रेघ ओढली तर ती विजयदुर्ग, देवगड, मालवण यांच्या जरा आतून जाते, आणि वाटेत वाघोटनची खाडी, आचऱ्याची खाडी, शेवटी कर्लीची खाडी ओलांडते. गाडीला ते जमत नाही. हातखंब्याला महामार्गावर यायचं, लांजा, राजापूर, कणकवली करत खाली उतरायचं आणि कुडाळ-कसालकडून पुन्हा समुद्राकडे वळायचं. ११४ चे पावणेदोनशेच्या आसपास होतात ते असे.

तुम्ही कोल्हापूरहून निघणार असाल तर एक गंमत सांगतो. उजळाईवाडीच्या कोल्हापूर विमानतळापासून रत्नागिरीचा विमानतळ हवाई अंतराने सुमारे ११० किलोमीटर, आणि चिपीही सुमारे ११०. तिन्ही विमानतळ जोडले तर जवळजवळ समभुज त्रिकोण होतो! जमिनीवर मात्र एका बाजूला आंबा घाट, दुसऱ्या बाजूला फोंडा नाहीतर गगनबावड्याकडचे घाट. त्यामुळे दोन्ही ठिकाणं एकाच दिवसात करायचा हट्ट नको, पावसाळ्यात तर नकोच. फक्त चिपीला जायचं असेल तर रत्नागिरीला वळसा कशाला? राधानगरीवरून फोंडा उतरा आणि सरळ कणकवली गाठा.

रत्नागिरीत काम असेलच तर तिथून पुढे कोकण रेल्वे धरा. कुडाळपर्यंत रेल्वेने साधारण १४० किलोमीटर, गाडी बघून दोन-अडीच तास. कुडाळ स्टेशनपासून चिपी वीस-पंचवीस किलोमीटर आत आहे. रिक्षाचं भाडं बसण्याआधीच ठरवून घ्या, आणि चिपीहून पुढचं विमान असेल तर एसटीच्या भरवशावर अजिबात राहू नका.