इंटरनेटमुळे आता कोणीही गाण्यातला स्टार होऊ शकतो, की पाठीशी मोठी कंपनी लागतेच?

कंपनी लागतेच असं नाही. पण नुसता आवाज चांगला असून काही होत नाही, हे मी छातीठोक सांगते. ठाणे-नवी मुंबईत गेल्या काही वर्षांत एखाद्या हळदीला गेला असाल तर माझा आवाज तुमच्या कानावरून गेलेला आहे, आणि माझं नाव तुम्हाला माहीत नाही.

मी घणसोलीची. आजी धवलारीण होती, म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी, धवले, म्हणणारी. तिने धवला धरला की मांडव गप्प व्हायचा, आणि कोपरखैरण्यापासून दिव्यापर्यंत लोक तिला नावाने बोलवायला यायचे. मी बेंजो पार्टीबरोबर गाते. लॉकडाउन उठल्यावर आत्येभावाने एक हळदीचं गाणं केलं. गावठाणातल्या एका गाळ्यात स्टुडिओ, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, माइकमध्ये घरघर येते म्हणून पंखा बंद. करवलीला चिडवणारी एक ओळ होती, चालीत अगदी सरळ. मी ती शेवटी ओढून, आजी धवल्यात द्यायची तो हेल देऊन घेतली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला : हीच ठेव.

पुढे लोकांनी नेमका तेवढाच तुकडा उचलला.

व्हिडिओ दिवाळे गावच्या जेट्टीवर काढला. त्यात मी नाही. एक मॉडेल मुलगी आणली, तिने माझ्या आवाजावर ओठ हलवले. माझं नाव यूट्यूबवर खालच्या माहितीत, ती उघडल्याशिवाय दिसणार नाही असं. मग कुणा डीजेने तो तुकडा वेग वाढवून इन्स्टाग्रामवर टाकला, तिथे 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून त्याचंच नाव लागलं. रील्सवर रील्स झाल्या. त्या मुलीला ऐरोलीपासून उरणपर्यंत दहीहंडीच्या, उद्घाटनांच्या सुपाऱ्या येऊ लागल्या. तिच्यावर माझा राग नाही, पोरगी कष्टाळू आहे. राग दादावर, त्या आत्येभावावर आहे. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गानं वाजतंय नं, मंग नाव कनाला पायजे?"

नाव यासाठी पाहिजे, दादा. ॲपला आवाज कळत नाही, खातं कळतं. कोण थांबून बघतंय, कोण तो ऑडिओ घेऊन स्वतःची रील करतंय, यावर ते गाणं पुढे ढकलतं, आणि त्या गर्दीला 'हे कोणाचं?' असा प्रश्न पडला की दाबल्यावर जे नाव उघडतं तो स्टार. २०२०च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं, जुलैत रील्स आल्या, ॲप बदललं तरी हा हिशेब बदलला नाही.

ज्यांचं नाव झालं त्यांच्याकडे बघा. कुर्ल्याच्या रॅपर नेझीने २०१४मध्ये आयपॅडवर गाणं रेकॉर्ड केलं, व्हिडिओही त्यावरच काढला, आणि समोर स्वतः उभा राहिला. जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं २०२४चं 'गुलाबी साडी' : आवाज त्याचा, व्हिडिओत तोच. अमेरिकेत लिल नास एक्स या रॅपरचं गाणं २०१९मध्ये टिकटॉकवर पसरलं, मग कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्याच्याशी करार केला आणि ते बिलबोर्डच्या गाण्यांच्या यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं. तुमच्या कंपनीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. पूर्वी कंपनी गायक निवडायची, मग लोक ऐकायचे. आता लोक जमतात आणि कंपनी मागून येते. येते मात्र नक्की, आणि तेव्हा कागदावर कोणाचं नाव आहे तेच ती बघते.

म्हणून माइकसमोर जाण्याआधी लिहून घ्या. गाणं ॲपांवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे ते देताना मुख्य कलाकार म्हणून गायकाचं नाव भरा, फक्त संगीतकाराचं किंवा चॅनेलचं नाही. प्रत्येक रेकॉर्डिंगला ओळखीचा एक आयएसआरसी क्रमांक असतो, तो स्वतःकडे टिपून ठेवा. २०१२च्या कायदादुरुस्तीने गायकालाही रॉयल्टीचा हक्क दिलाय, आणि त्यासाठी २०१३मध्ये 'इस्रा' ही गायकांची संस्था झाली, आता तिचं नाव 'इसाम्रा' आहे. घरातलाच माणूस गाणं करतोय म्हणून कागद नको, असं कोणी म्हटलं तर त्याच्याकडून तर आधी घ्या. आणि व्हिडिओत स्वतः दिसा. रंग, उंची, वय काही का असेना. 'आवाज तुझा छान, पण व्हिडिओला चेहरा दुसरा घेऊ' असं म्हणणाऱ्याला गाणं देऊ नका.

एक सांगायला हवं. चेहरा दाखवणं सगळ्या मुलींना जमत नाही. सासरी चालत नाही, आणि खाली कमेंटमध्ये लोक काय काय लिहितात ते वाचवत नाही. त्यांनी निदान नाव तरी पडद्यावर मोठं घ्यावं. पैशाच्या आशेवरही बसू नका : वर्षभरात १,०००पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय रेकॉर्डिंगची रॉयल्टीच देत नाही. पैसे आजही सुपारीतून येतात, आणि सुपारी ज्याचं नाव माहीत आहे त्यालाच येते.

यंदाच्या लग्नसराईसाठी दादाने पुन्हा फोन केला होता. व्हिडिओत मी आणि सुरुवातीला पडद्यावर माझं नाव, एवढं सांगितलंय. तो म्हणतो बजेट बघतो. नाव टाकायला कसलं बजेट लागतं?