समशीतोष्ण प्रदेशातले चार ऋतू निसर्गाला कसे घडवतात?

आपण विचारले आहे की, समशीतोष्ण प्रदेशात चार ऋतू असतात हे भूगोलाच्या पुस्तकात वाचले, पण ते ऋतू तिथल्या झाडांना आणि प्राण्यांना नेमके कसे घडवतात; आणि हिवाळ्यात तिथला निसर्ग मरतो व वसंतात पुन्हा जिवंत होतो, असे म्हणणे बरोबर आहे का. मी गेली १९ वर्षे अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम भागात राहतो, म्हणून या एकाच प्रदेशाला धरून उत्तर देतो. समशीतोष्ण पट्टा फार मोठा आहे आणि सगळीकडे सारखा नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, तर इंग्लंडमध्ये समुद्रामुळे हिवाळा बराच सौम्य असतो. चारही ऋतू ठळकपणे वेगळे दिसावेत असे जे भाग आहेत, त्यांपैकी आमचा एक आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. हिवाळ्यात इथे काहीही मरून पुन्हा जन्मत नाही. इथल्या प्रत्येक ऋतूत जे दिसते त्याची तयारी आधीच्या ऋतूत, कधी कधी वर्षभर आधी, झालेली असते. आणि ही तयारी समजली की चार ऋतूंचा अर्थ उलगडतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला प्रथम एक गोष्ट मनातून बाजूला ठेवावी लागते, ती म्हणजे पाऊस. आपल्याकडचे वर्ष पावसाने आखलेले असते. मुंबईत जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि बाकीचे वर्ष त्या पाण्यावर निघते. इथे पाऊस आणि हिम मिळून बाराही महिने जवळपास सारखेच पाणी पडते, त्यामुळे पाणी ऋतू ठरवत नाही. ऋतू ठरवतो तो उजेड. पृथ्वीचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे आमच्या ४२ अंश उत्तर अक्षवृत्तावर २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वापंधरा तासांचा असतो, तर २१ डिसेंबरच्या सुमारास जेमतेम नऊ तासांचा. मुंबईत हाच फरक साधारण ११ ते सव्वातेरा तास इतकाच आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून २५ अंशांपेक्षा वर येत नाही आणि माणसाच्या सावल्या त्याच्या दुप्पट लांब पडतात. सूर्य दूर गेल्यामुळे थंडी पडते, हा समज मात्र चुकीचा आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात.

आता तयारीचे एक उदाहरण अगदी जवळून सांगतो. आमच्या अंगणात फोर्सिथियाचे झुडूप आहे, ज्याला एप्रिलमध्ये पाने येण्याआधीच पिवळी फुले लगडतात. पहिल्या वर्षी मी नोव्हेंबरच्या अखेरीस त्याची एक फांदी कापून आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत पाण्यात ठेवली. घरात ऊब होती, उजेड होता, पाणी होते, तरीही चार आठवडे ती तशीच राहिली आणि शेवटी वाळून गेली. पुढे जानेवारीच्या शेवटी, बाहेर गुडघाभर हिम असताना, त्याच झुडपाची दुसरी फांदी त्याच बाटलीत ठेवली, तर दोन आठवड्यांत ती फुलली. दोन्ही वेळी फांदीवरच्या कळ्या त्याच होत्या, आदल्या उन्हाळ्यात तयार झालेल्या. फरक एवढाच होता की दुसऱ्या फांदीची थंडी भोगून झाली होती.

या प्रदेशातली बहुतेक झाडे अशी थंडीचा हिशेब ठेवतात. गोठणबिंदूच्या किंचित वर, साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली, ठरावीक तास काढल्याशिवाय कळीची झोप मोडत नाही. सफरचंदाच्या अनेक जातींना असे हजाराच्या आसपास तास लागतात, आणि म्हणूनच ही फळे काश्मीर-हिमाचलात पिकतात, आपल्या कोकणात पिकत नाहीत. याचे कारण सरळ आहे. डिसेंबरात किंवा जानेवारीत चार दिवस ऊन पडून हवा उबदार झाली, असे इथे दर वर्षी घडते. झाड केवळ उबेवर विसंबून राहिले असते तर त्या चार दिवसांत पालवी फुटली असती आणि पाचव्या दिवशी गोठून गेली असती. हिवाळा पुरेसा होऊन गेला आहे याची खात्री पटल्यावरच झाड उबेकडे लक्ष देते. थंडीला शत्रू समजण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण थंडी मिळाली नाही तर इथला वसंत नीट येतच नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस, जमीन अजून पांढरी असताना, साखरी मेपलच्या खोडांना छोटी भोके पाडून त्यांखाली बादल्या टांगल्या जातात. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, अशी चढउतार असेल तरच रस वाहतो. रात्री गोठताना खोड मुळांतून पाणी वर ओढून घेते आणि दिवसा वितळताना आतला दाब वाढून तो रस भोकातून थेंबथेंब बाहेर येतो. मी प्रथम बादलीतला रस ओंजळीत घेऊन चाखला तेव्हा ते नुसते थंड पाणी वाटले. गिळल्यानंतर मागाहून किंचित गोडी जाणवली, कारण त्यात साखर जेमतेम दोन टक्के असते. एक लिटर पाक करायला सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो. रस आटवण्याच्या लाकडी खोपटात वाफेचा तो गोड, दाट वास भरून राहिलेला असतो, तेव्हा मला दर वेळी कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळातली काहील आठवते. ही साखर येते कुठून, तर गेल्या उन्हाळ्यातून. त्या वेळी पानांनी बनवलेले अन्न पिष्ट रूपात लाकडात साठवलेले असते, थंडीत त्याची साखर होते आणि कळ्या उमलायच्या वेळी तीच कामी येते. कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि बादल्या उतरवल्या जातात.

त्यानंतरचे पाच-सहा आठवडे मला वर्षातले सर्वांत मोलाचे वाटतात. एप्रिलमध्ये हिम वितळलेले असते आणि डोक्यावरच्या मेपल, बीच, ओक या झाडांना अजून पाने नसतात, त्यामुळे एरवी उन्हाळाभर सावलीत बुडालेल्या जंगलाच्या जमिनीवर थेट ऊन पडते. ट्रिलियम, ब्लडरूट, ट्राउट लिली यांसारख्या बुटक्या वनस्पती या एवढ्याशा खिडकीतच उगवतात, फुलतात आणि बहुतेक वर्षाचे अन्न कमावून घेतात. त्यांतल्या काहींची पाने तर झाडांची सावली दाट होताच पिवळी पडून नाहीशी होतात आणि वनस्पती पुढचे दहा महिने जमिनीखालच्या कंदात काढते. त्यांच्यापैकी अनेकींच्या बियांना एक लहानसा स्निग्ध खाऊ चिकटलेला असतो. तो खाण्यासाठी मुंग्या बिया वारुळात ओढून नेतात आणि लावणी आपोआप होते.

याच दिवसांत वितळलेल्या हिमाची तात्पुरती डबकी जंगलात साचतात आणि त्यांतून बदकांच्या कलकलाटासारखा आवाज येऊ लागतो. तो वुड फ्रॉग नावाच्या, डोळ्यांमागे काळा पट्टा असलेल्या, दोन-अडीच इंची बेडकाचा असतो. या बेडकाचा हिवाळा ऐकून कुणालाही खरा वाटणार नाही. तो खोल बिळात जात नाही. पालापाचोळ्याखाली बसून राहतो आणि थंडी वाढली की चक्क गोठतो. त्वचेवर बर्फाचे कण धरू लागताच त्याचे यकृत रक्तात भरमसाट ग्लुकोज सोडते, ते पेशींच्या आत शिरून त्यांना वाचवते आणि बर्फ पेशींच्या बाहेरच धरतो. शरीरातले ६५ टक्क्यांपर्यंत पाणी गोठलेले, श्वास बंद, हृदय थांबलेले, अशा अवस्थेत तो आठवडेच्या आठवडे राहू शकतो. वसंतात तो वितळतो, हृदय पुन्हा चालू होते आणि थोड्याच दिवसांत तो डबक्याकडे निघतो. ही डबकी उन्हाळ्यात आटून जातात, म्हणून त्यांत मासे नसतात आणि अंडी सुरक्षित राहतात. पण पिलांना पाय फुटून बाहेर पडण्याची मुदतही तेवढीच असते. मृतवत होऊन पुन्हा जिवंत होणे हा आपला शब्दप्रयोग जर कुणाला शोभत असेल, तर तो या एका बेडकाला.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही. तो कमाईचा काळ आहे. पक्षी लांबलचक दिवसांचा फायदा घेऊन पिलांना किडे भरवतात आणि झाडे साठा करतात. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच की पुढच्या वर्षीच्या कळ्या याच काळात, भर हिरवाईत, पानांच्या बगलेत तयार होतात. जुलैमध्ये मेपलचे पान देठाशी वाकवून पाहिले तर तिथे मोहरीएवढी कळी बसलेली सापडते.

पानगळीचे रंग पाहायला लोक दूरदूरहून येतात, पण झाडाच्या बाजूने पाहिले तर ती आवराआवर आहे. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गार पडू लागल्या की झाड हरितद्रव्य मोडते आणि पानांतला नत्रासारखा मौल्यवान ऐवज फांद्यांत परत घेते. हिरवा रंग ओसरला की आधीपासून पानात असलेला पिवळा उघडा पडतो. बर्चची पाने सोनेरी दिसतात ती यामुळे. मेपलचा लाल रंग मात्र त्याच वेळी नव्याने बनवला जातो, आणि दिवसा स्वच्छ ऊन व रात्री गारवा असेल तर तो अधिक खुलतो. शेवटी देठाच्या तळाशी पेशींचा पातळ थर तयार होऊन पान सुटते आणि जखम आधीच बंद झालेली असते. आपल्याकडेही साग आणि पळस पाने गाळतात, पण ते पाणी कमी पडते म्हणून. इथेही मूळ अडचण एका अर्थी पाण्याचीच आहे, कारण जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, आणि शिवाय रुंद, कोवळे पान हिमाचा भार व गोठण सोसू शकत नाही.

हिवाळ्यात जे मागे राहतात, त्यांत माझा सर्वांत लाडका चिकडी हा पक्षी आहे. तो आपल्या राखी वल्गुलीच्या कुळातला असून त्याचे वजन दहा-बारा ग्रॅम भरते. शरद ऋतूत तो हजारो बिया सालींच्या फटींत एकेक करून लपवतो आणि पुढे त्या जागा आठवून शोधतो; कडाक्याच्या रात्री तो शरीराचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवून इंधन वाचवतो. तळ्यातले मासे पाण्याच्या एका गुणधर्मामुळे वाचतात. पाणी चार अंशांना सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड पाणी वर राहून गोठते आणि तळाशी साधारण चार अंशांचे पाणी उरते. जमिनीसाठी तेच काम हिम करते. ते मातीवर गोधडीसारखे असते, आणि त्याखालच्या पाचोळ्यात बेडूक, किडे व मुळे बाहेरच्या मानाने बरीच उबेत राहतात.

ही घडी आता विस्कटू लागली आहे, आणि त्याची नोंद आमच्याच राज्यात फार चांगली झालेली आहे. अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात कॉन्कॉर्ड गावातली फुले कोणत्या तारखेला उमलतात हे वर्षानुवर्षे लिहून ठेवले. बॉस्टन विद्यापीठाच्या रिचर्ड प्रिमॅक यांनी सहकाऱ्यांसह एकविसाव्या शतकात त्याच फुलांशी तुलना केली, तेव्हा ४३ नेहमीच्या जाती सरासरी सात दिवस आधी फुलू लागल्याचे दिसले. झाडांची पालवी त्याहूनही अधिक दिवस आधी येऊ लागली आहे, म्हणजे ट्रिलियमची ती उन्हाची खिडकी अरुंद होत चालली आहे. शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक या संशोधन-जंगलात शास्त्रज्ञांनी मुद्दाम हिम उपसून पाहिले, तेव्हा गोधडी गेलेली माती अधिक खोल गोठली आणि साखरी मेपलच्या बारीक मुळांना इजा झाली. हिवाळा उबदार झाला की हिम कमी पडते आणि मुळांना उलट थंडी जास्त लागते, हे मला आधी पटले नव्हते.

१८ मे २०२३ च्या पहाटे इथल्या बागांवर उशिरा थंडीची लाट आली. झाडे तोवर फुलून गेली होती आणि त्यांचा थंडी सोसण्याचा काळ संपला होता. त्या सकाळी मी ओळखीच्या एका बागायतदाराकडे गेलो, तेव्हा सफरचंदाची झाडे दुरून पूर्वीसारखीच पांढरी-गुलाबी दिसत होती. त्याने एक फूल तोडून अंगठ्याच्या नखाने मधोमध चिरले आणि तळहातावर धरले. पाकळ्या ताज्या होत्या, पण आतला, जिथे फळ धरायचे तो भाग तपकिरी पडला होता. त्याने आणखी चार फुले चिरली. चारही तशीच होती.