जुन्या संगणक प्रणाली सांभाळणं इतकं अवघड का असतं?

प्रश्नात तुम्ही म्हटलंय की तुमच्या पतसंस्थेत अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेलं सॉफ्टवेअर चालतं, आणि 'जुन्या लोकांना नवीन शिकायचं नसतं म्हणून ते बदलत नाही'. हे दुसरं वाक्य मला झोंबलं, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. ऊसनोंद, काट्यावरची वजनं, पंधरवड्याचं ऊसबिल, तोडणी-वाहतुकीचा हिशेब, सगळं फॉक्सप्रो २.६ वर. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले नाहीत तर १५ टक्के व्याज द्यावं लागतं, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं आहे. त्यामुळे ऐन हंगामात बिलाचा प्रोग्रॅम अडून चालत नसे. फॉक्सप्रो नोंदी डीबीएफ फाइलींत ठेवतं. काट्यावर लाइट गेली की त्या फाइलच्या हेडरमधला, म्हणजे सुरुवातीच्या भागातला, नोंदींचा आकडा मागे राहायचा. शेवटच्या गाड्यांची वजनं फाइलच्या पोटात असायची, पण स्क्रीनवर दिसायची नाहीत. फाइलमधले कच्चे बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये तो आकडा हातानं दुरुस्त करायचा, मग रिइंडेक्स, म्हणजे फाइलची सूची नव्यानं बांधायची. बाहेर गाडीवान स्लिपसाठी खोळंबलेले. हे काम ज्यानं केलंय त्याला 'शिकायचं नसतं' म्हणू नका.

पुढे संचालक मंडळानं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. माझा त्याला विरोध नव्हता. कंपनीच्या मुलांनी सभासदांची फाइल उघडली, पिनकोडच्या रकान्यात काही ठिकाणी नुसताच ९ दिसला. 'डेटा घाण आहे' म्हणून त्यांनी तो रकानाच गाळला. आमच्याकडे ९ म्हणजे सभासद मयत, वारसनोंद बाकी, बिल थांबवा. नव्वदच्या दशकात आमच्या आधीच्या प्रोग्रॅमरनं ती सोय केली होती, कारण नवा रकाना वाढवायचा तर ती फाइल वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम आणि प्रत्येक रिपोर्ट तपासावा लागला असता, आणि हंगाम तोंडावर होता. मी हट्टानं जुनं-नवं दोन्ही शेजारी शेजारी चालवायला लावलं. चाचणीच्या पहिल्याच पंधरवड्यात मयत सभासदांच्या नावानं बिलं निघाली. त्यांतली काही तर अशी, की भावाभावांचा दावा कोर्टात चालू होता. तेव्हा कुठे मंडळानं घाई थांबवली.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मशिन आणि विंडोजची अडचण खरी आहे, पण सुटणारी आहे. आमच्यासारखा डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाही, तो चालवणारी ३२-बिट आवृत्ती विंडोज ११ ला नाहीच, आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. नव्या मशिनवर डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये गाडी ढकलता येते. युनिकोड ही आजची सामायिक अक्षरपद्धत येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी नावं नव्यात नेताना वेलांट्या आणि जोडाक्षरं तुटतात, तिथं माणूस बसवून नाव न् नाव तपासावं लागतं. खरी अडचण पिनकोडच्या ९ सारखी असते. नियम कुठं लिहिलेलेच नसतात, ते कोडमध्ये आणि एखाद्या निवृत्त माणसाच्या डोक्यात असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर हाक दिली होती, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि यंत्रणा जुनी. तिकडे ही गत, तर आपल्या तालुक्याची काय कथा.

म्हणून आधी सोर्सच्या, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेल्या मूळ कोडच्या, पीआरजी फाइली आहेत का ते बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त ईएक्सई, म्हणजे चालवता येते पण आतला कोड वाचता येत नाही अशी फाइल, उरलेली असते. मग ज्यानं ते लिहिलं त्याला शोधा, समोर बसवा, एकेक रकाना विचारा आणि लिहून काढा. त्याला मानधन द्या. आमच्याकडे याच मुद्द्यावर मीटिंगमध्ये वाद झाला होता. 'सॉफ्टवेअर चालतंय ना, मग रिटायर माणसाला पैसे कशाला?' असं मला ऐकवलं गेलं. नव्या सॉफ्टवेअरच्या खरेदीला मंजुरी एका बैठकीत मिळाली आणि त्या माणसाच्या मानधनाची फाइल टेबलावर पडून राहिली. शेवटी तो माझ्या शब्दाखातर फुकट आला. आपल्या संस्थांमध्ये वस्तूला पैसे असतात, जाणकाराला नसतात, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

एक राहिलं. तुमची पतसंस्था आहे, लोकांच्या ठेवी आहेत. ते जुनं मशिन इंटरनेटला जोडलेलं असेल, किंवा उद्या मोबाइलवरून व्यवहार सुरू करणार असाल, तर फॉक्सप्रोला कवटाळून बसू नका. डीबीएफ फाइल कुणीही कॉपी करून उघडू शकतो, तिला कुलूप नाही. बदला, पण निदान एक मार्चअखेर दोन्ही सॉफ्टवेअर बरोबरीनं चालवा आणि ताळेबंद जुळल्याशिवाय जुनं बंद करू नका. आणि तुमच्याकडचे ते जुने कर्मचारी निवृत्तीला आले असतील तर हे काम याच वर्षी काढा.