लग्नाचं रजिस्टर आधी गुरुजींना परत द्या

तुमची पोस्ट काल रात्री दोनदा वाचली. मग आमच्या पाळकीणबाईंना, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तुम्हीच तर लिहिलंय." पाळकांच्या सेमिनरीतून (धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून) बाहेर पडून तीन वर्षं, पाळक म्हणून तुमच्याकडे एक मोठं गाव आणि पाच वाड्या. चाव्या तुमच्याकडे, हिशेब तुमच्याकडे, पेटीही तुम्हीच वाजवता, चर्चचा कारभार बघणारे पंच फक्त मिटिंगला येऊन नावं ठेवतात. वाचायला वेळ नाही, उपदेशाची तयारी शनिवारी रात्री अकराला सुरू होते. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं, ‘प्रार्थना करतो पण कुणी ऐकतंय असं वाटत नाही’. एवढं सगळं सांगून विचारलंय काय, तर वेळेचं नियोजन कसं करावं.

वेळेचं नियोजन राहू द्या. पहाटे उठा, वचन वाचा, उपास करा, हे तुम्हाला मी काय सांगणार? ते तुम्हीच दर रविवारी लोकांना सांगताय. मी माझी एक चूक सांगतो. ती तुम्हाला लागू पडेलच असं नाही. माझी सत्तावीस वर्षं नगर जिल्ह्यातल्या आणि त्याला लागून असलेल्या मराठवाड्यातल्या खेड्यांत गेली, पुण्या-मुंबईच्या मंडळ्यांचं, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांचं, मला फारसं कळत नाही.

तुमच्या पोस्टमध्ये एक ओळ आहे, ‘लग्नाचं रजिस्टरसुद्धा मीच भरतो, सेक्रेटरी म्हातारे आहेत’. तिथे मी थांबलो.

माझ्या पहिल्या मंडळीतही एक म्हातारे सेक्रेटरी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, अक्षर छापल्यासारखं. लग्नाची सूचना मंडळीत वाचायच्या आधी ते दोन्ही घरच्यांकडून शाळा सोडल्याचे दाखले मागून घेत, नावातलं ऱ्हस्व-दीर्घ ताडून बघत. मला ते चिकट वाटायचं. एकदा त्यांनी चार लोकांत माझी एक तारीख दुरुस्त केली आणि माझं डोकं फिरलं. आठवड्याने मी गोड आवाजात म्हणालो, "गुरुजी, या वयात तुम्हाला त्रास कशाला, कपाटाची किल्ली माझ्याकडे असू द्या." त्यांनी रुमालाची गाठ सोडली, किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी गेले. मी त्याला जबाबदारी घेणं म्हणत होतो.

पुढच्या मे महिन्यात एक लग्न. वऱ्हाड बँडमागे नाचत नाचत चर्चला पोचलं तेव्हा साडेसहा वाजले होते. (ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात याच वेळेत लावायचं असतं, काही अपवाद सोडून. तुम्हाला माहीत असेलच, पण नवरदेवाच्या मित्रांना ते आधीच सांगून ठेवत चला.) घाईघाईत मी रजिस्टरमध्ये नवरीचं नाव पत्रिकेवरून उतरवलं. पत्रिकेवर तिचं घरचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षात आलं. झेरॉक्सच्या दुकानातून व्हाइटनर आणलं, नाव पांढरं केलं, वाळू दिलं आणि वर खरं नाव लिहिलं. इतकं सुबक झालं की मीच माझ्यावर खूश.

दोन वर्षांनी तो मुलगा आखातात नोकरीला गेला. बायकोला न्यायचं तर व्हिसासाठी लग्नाचा दाखला हवा. ती गरोदर होती. दाखल्यासाठी एका कार्यालयात जावं लागलं. कोणतं ते लिहीत नाही, तिथला तो माणूस आता निवृत्तही झाला असेल. त्याने रजिस्टर हातात घेतलं, उठून खिडकीपाशी गेला, पान उजेडासमोर धरलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "फादर, इथे खाली काय होतं?"

फादर कॅथलिकांचे, आम्ही प्रोटेस्टंट, आम्ही पाळक असतो, हे सांगायचीही माझी हिंमत झाली नाही.

तिथून आठ महिने. व्हाइटनर लावणं ही माझीच चूक, त्याबद्दल वाद नाही. पण उपाय काय हे त्या कार्यालयात एकानेही सांगितलं नाही. आधी शपथपत्र आणा. शपथपत्र नेलं तर वरिष्ठांचं पत्र आणा. पत्र नेलं तर त्यावर जावक क्रमांक नाही. जावक क्रमांक घालून नेलं तर साहेब रजेवर. साहेब आले तर टेबल बदललेलं, नव्या टेबलावर पुन्हा पहिल्यापासून. अकरा फेऱ्या झाल्या. दर वेळी एसटीने साठ किलोमीटर जाऊन यायचं, त्यात दिवस गेला की वाचन, भेटी, आजारी माणसं, सगळं बाजूला. ती मुलगी माहेरी बाळंत झाली. बाळ सात महिन्यांचं झालं तेव्हा बापाने त्याला पहिल्यांदा हातात घेतलं. त्या घरच्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, उलट नाताळला करंज्यांचा डबा पाठवला. तो डबा मला अजून आठवतो.

सुटका कशी झाली? मी शेवटी गुरुजींच्या घरी गेलो. ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "१८७२चा कायदा. कलम ७८. चूक ध्यानात आल्यापासून महिन्याच्या आत समासात दुरुस्ती करायची. मूळ नोंदीला हात लावायचा नाही. नवरा-नवरी समोर पाहिजेत, ती नसली तर दोन विश्वासू साक्षीदार. खाली सही आणि तारीख." मग जरा थांबून विचारलं, "व्हाइटनर कितीला मिळालं?"

महिना तर केव्हाच उलटला होता. तरी समासात जे घडलं ते खरं खरं लिहिलं, गुरुजी आणि डेअरीवाले पंच अशा दोघांनी साक्ष केली, सोबत माझं नवं शपथपत्र जोडलं. त्यावर एकदाचा कागद हलला. मी वकील नाही, तुमच्याकडे असं काही झालं तर वकिलाला विचारा. पण व्हाइटनरची बाटली आजच टाकून द्या.

आता तुम्ही म्हणाल, प्रश्न थकव्याचा, आणि हे रजिस्टरचं काय सांगतात. माझ्या मते दोन्ही एकच आहे. जो माणूस आपल्याहून एखादं काम चांगलं करतो त्याच्या हातातून ते काढून घ्यायचं, मग ते काम आपल्याला पेलत नाही म्हणून रात्री जागायचं, आणि त्या जागरणाला सेवा म्हणायचं. बायबलमधल्या निर्गमाचा अठरावा अध्याय मी तोवर चार वेळा तरी मंडळीत सांगितला होता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करत बसतो, लोक ताटकळत उभे, आणि इथ्रो म्हणतो की असं करशील तर तूही गळून जाशील आणि ही माणसंही. मी सांगायचो तेव्हा सगळा जोर मोशेच्या कष्टांवर असायचा! इथ्रो मिद्यानाचा याजक, म्हणजे बाहेरचा माणूस, शिवाय सासरा. सासऱ्याने कामात खोट काढावी आणि जावयाने ती मुकाट्याने ऐकावी, हे मला लाल समुद्र दुभंगण्याइतकंच अवघड वाटतं.

याच विषयावर हॉटेलच्या हॉलमध्ये शिबिरं भरतात, त्यांना जायचं तर जा. जेवण बरं असतं. मी तीन केली. तिन्ही ठिकाणी एकच माणूस दिवसभर एकटा उभा राहून टीमवर्कवर बोलला.

वाचनाबद्दल. तुम्ही लिहिलंय, ‘वाचतो ते फक्त उपदेशापुरतं’. माझंही तेच होतं. विहिरीत पाणी नाही आणि मोट मात्र चालू. वाचन म्हणजे दार लावून एकट्याने करायची गोष्ट, अशी माझी समजूत होती, आणि पाळकाच्या घराचं दार कधीच लागत नाही. त्या कार्यालयाच्या प्रकरणानंतर मी किल्ली गुरुजींना परत दिली (त्यांनी ती पुन्हा रुमालातच बांधली) आणि विचारलं, बुधवारी आपण दोघं बसून काहीतरी वाचू या का? दोघांचे पाच झाले. गुरुजी, एक एसटी कंडक्टर, अंगणवाडीची बाई, पिकअप चालवणारा एक बारावी नापास पोरगा आणि मी. नियम एकच, वाचायचं मोठ्याने आणि आळीपाळीने, पाळकाने समारोप करायचा नाही. हा नियम अंगणवाडीच्या बाईंनी घातला. मला पहिले दोन महिने फार जड गेला.

एका बुधवारी बायबलमधलं स्तोत्र ८८ निघालं. ते तुम्ही कधी मंडळीत घेतलंय का? मी नव्हतं घेतलं. बाकीची विलापाची स्तोत्रं बहुतेक शेवटी वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे अंधारातच संपतं. कंडक्टरने वाचून संपवलं, पान उलटून पुढे काही आहे का पाहिलं आणि मला विचारलं, "पाळकसाहेब, याने शेवटी ‘तरी प्रभू चांगला आहे’ असं का नाही म्हटलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तसं सांगितलं. कुणी हललं नाही, कुणाला धक्काही बसला नाही. गुरुजी म्हणाले, "पण बोलतोय तो देवाशीच." त्या रात्री कितीतरी महिन्यांनी मला नीट झोप लागली. तुमच्या त्या शेवटच्या ओळीला माझ्याकडे याहून वेगळं उत्तर नाही. ती ओळ अनोळखी लोकांपुढे लिहिलीत, तशी मंडळीतल्या एका तरी माणसापुढे बोला. मात्र माणूस पारखून घ्या. सगळ्याच पंचांना हे झेपत नाही, काही जण ते थेट वरपर्यंत पोचवतात.

पुस्तकांसाठी पैसे नाहीत म्हणता, ते खरंच आहे. पण पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय काढून बघा. पौल कैदेत आहे, हिवाळा तोंडावर आलाय, आणि तो त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागवतो, त्याच ओळीत पुस्तकं आणि चर्मपत्रंही मागवतो. थंडी वाजत असताना! त्याच्या दोनच ओळी आधी मार्काला घेऊन ये म्हणतो. हा तोच मार्क, ज्याच्यावरून त्याचं आणि त्याचा सोबती बर्णबाचं इतकं वाजलं होतं की दोघं दोन वाटांनी गेले. ज्या माणसावर फुली मारली त्यालाच परत बोलावणं आणि पुस्तकं मागवणं, दोन्ही एकाच पत्रात. मला त्यात माझे गुरुजी दिसतात.

आणि आपल्या जवळचंच उदाहरण घ्या. दौंडजवळच्या केडगावला (नगरचं केडगाव नव्हे) पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र, म्हणजे बायबल, साध्या मराठीत आणत होत्या. विद्वत्तेबद्दल सगळे बोलतात. पण छपाईचे खिळे जुळवणं, छापणं ही कामं मुक्तीतल्याच (रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्याच) बाया-मुली करत होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आलेल्या. १९२२च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या, संपूर्ण शास्त्र बाहेर आलं १९२४मध्ये. म्हणजे ज्यांनी सुरू केलं त्या नसतानाही काम पुरं झालं. तुमच्या मंडळीतलं कोणतं काम तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर चालू राहील, एवढं एकदा कागदावर मांडून बघा. मी मांडलं तेव्हा फक्त घंटा वाजवणं निघालं.

कामं वाटली की सगळं सुरळीत होतं असं मी म्हणणार नाही. पिकअपवाल्या पोराकडे संडेस्कूलचा हिशेब दिला, पहिल्याच तिमाहीत ३४० रुपये जुळेनात. मी गप्प बसलो, दात आवळून. दुसऱ्या तिमाहीत त्याने आपणहून शोधून काढलं, खडूंची पावती राहिली होती. गुड फ्रायडेला मी दर वर्षी बारा ते तीन एकटाच येशूच्या वधस्तंभावरच्या सातही वाक्यांवर बोलायचो, आणि पाचव्यापर्यंत माझाच घसा बसायचा. ती सात जणांना वाटली. डेअरीवाले पंच दुसऱ्या वाक्यावर चाळीस मिनिटं बोलले, सुखलोकापासून सुरुवात करून दुधाच्या भावापर्यंत आले. पुढच्या वर्षी वही आणि घड्याळ दोन्ही दिलं, तर पस्तीसवर आले.

त्याच वर्षी पाचवं वाक्य, ‘मला तहान लागली आहे’, अंगणवाडीच्या बाईंकडे होतं. टँकरचं वर्ष. त्या पुढे आल्या, हातात कागद नव्हता. सकाळी टँकर आला तेव्हा त्यांचा नंबर बावन्नावा होता, आणि चाळिसाव्या घागरीला पाणी संपलं, एवढं सांगितलं. मग म्हणाल्या, देवाला तहान लागली आणि त्याने ती मोठ्याने सांगितली, आपण मात्र लाजतो. चार मिनिटं झाली असतील. मी त्या वाक्यावर अकरा वर्षं ग्रीक शब्द समजावत होतो.

बदलीचा अर्ज लिहून ठेवलाय म्हणता. असू द्या, फाडू नका, पण पाठवूही नका. लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) येतोय, त्या सात वाक्यांसाठी सात माणसांची यादी करा. आणि तुमचे सेक्रेटरी म्हातारे म्हणजे नक्की किती वर्षांचे, अक्षर कसं आहे, आणि किल्ली त्यांनी तुम्हाला स्वतःहून दिली की तुम्ही मागितली, एवढं लिहा. बाकीचं त्यानंतर बोलू.