मुलगा माझ्याएवढं का कमवत नाही?

"मॅडम, आम्ही दोन बॅगा घेऊन आलो आणि इथवर पोचलो. हा इथेच जन्मला, इथेच शिकला, तरी माझ्या निम्म्यावरसुद्धा नाही." न्यू जर्सीतल्या मराठी घरांतून ही तक्रार माझ्याकडे सारखी येते. हे गृहस्थ (ओळख पटेल असे तपशील बदललेत) १९९७ साली एच-१बी या अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आले. मुलाने बँकेतली नोकरी सोडली, आता तो पब्लिक स्कूलमध्ये गणित शिकवतो.

"पोचेल हो तोही," असं मी म्हटलं नाही. शिक्षकाचा पगार त्यांच्यासारख्या आर्किटेक्टच्या पगाराला सहसा गाठत नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

स्थलांतरितांची मुलं आईवडिलांच्या पुढे जातात, असं त्यांनी वाचलं होतं. ते खोटं नाही. रान अब्रामित्स्की आणि लिआ बुस्टान या अर्थतज्ज्ञांनी शंभराहून जास्त वर्षांच्या नोंदी तपासल्या, त्यात गरीब स्थलांतरितांची मुलं तितक्याच गरीब अमेरिकन घरांतल्या मुलांपेक्षा वर गेलेली दिसली. पण ती सुरुवात तळापासूनची. १९९७ साली एच-१बी व्हिसे होते ६५,०००, तेही पदवी आणि हातात नोकरी असेल त्यालाच. एवढ्या चाळण्यांतून बाप आला, मुलगा नुसता जन्माला आला. बाप आधीच इतक्या वर, तर मुलाला चढायला जागा कितीशी?

हे त्यांना पटलं, पण राग तसाच. मग २००१ च्या मंदीचा विषय निघाला. तेव्हा एच-१बीवाल्याची नोकरी गेली की मुक्कामही संपायचा. नोकरी गेल्यावर ६० दिवस थांबायची सवलत आली २०१७ मध्ये. बॉसचं काय काय ऐकून घेतलं, ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. मुलाने चांगली नोकरी दोन ओळींच्या ईमेलवर सोडली, ते झोंबलं होतं. मुलगा नागरिक आहे, त्याला तसं सोडता येतं.

हे मुलाला सांगा, एवढंच मी सुचवलं. त्यांनी सांगितलं, आणि चिरंजीव म्हणाले, "बाबा, मग तुम्ही आता तरी का नाही सोडत?" त्यावर दोघांचं पुन्हा वाजलं! पण भांडण निदान पगारावरून नव्हतं. शिक्षकांना राज्याची पेन्शन असते, हे बाबांनी आता स्वतःच शोधून काढलंय. घराच्या डाउन पेमेंटचा विषय मात्र अजून निघालेला नाही. बाबांना पैसे द्यायचेत, मुलगा घेणार नाही, आणि आईला दोघांच्या मध्ये पडायचं नाहीये.