नवी गाडी घरी धुताना

मित्रा, बाईक नवी आहे म्हणून सांगतो, रोज ओल्या फडक्याने पुसू नकोस. धूळ तशीच घासली जाते आणि टाकीवर बारीक गोल ओरखडे उठतात. उन्हात तिरकं बघितलंस की जाळ्यासारखे दिसतील. माझ्या पहिल्या गाडीची टाकी मी अशीच घालवली, अजून हळहळ वाटते.

इंजिन पूर्ण गार होऊ दे. आधी नुसतं पाणी मारून चिखल भिजव, मग गाडी धुवायचा शाम्पू. कपड्यांची पावडर नको, तिने पॉलिश उतरतं. बादल्या दोन घे, एक शाम्पूची, दुसरी फडकं खळबळायला. पुसायला मायक्रोफायबरचं मऊ फडकंच.

चेनला रॉकेल आणि मऊ ब्रश, तारेचा अजिबात नको, आतल्या रबरी रिंगा फाटतात. चाक हातानेच फिरव. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोटं तुटलेली आहेत लोकांची. कोरडी झाली की आतल्या बाजूने ल्यूब, म्हणजे चेनचं वंगण.

पॉलिश सावलीत, थोडंसंच. सीट, टायर आणि ब्रेक डिस्कला चुकूनही लावू नकोस. मॅट, म्हणजे बिनचकाकीचा रंग असेल तर पॉलिश विसरच, डाग चकाकतात. शेवटी गल्लीत हळू चक्कर मारून ब्रेक दाबून बघ, ओले ब्रेक नीट धरत नाहीत.