एकाच सड्यावर लाल, हिरवे, बुटके, उंच दवबिंदू: या वेगवेगळ्या जाती आहेत का?

तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर, हातभर अंतरात एक दवबिंदू (ड्रोसेरा, चिकट पानांनी किडे धरणारं छोटं झाड) लालबुंद, दुसरा हिरवागार, तिसरा जेमतेम बोटभर आणि चौथा चांगला वीतभर दिसला, तर या चार जाती असाव्यात का. चार नक्कीच नसाव्यात. फार तर दोन, आणि बहुधा एकच.

आधी त्या दोन वेगळ्या काढू. ड्रोसेरा इंडिकाला उभं किंवा लोळतं खोड असतं आणि त्यावर दोऱ्यासारखी बारीक, लांब पानं. ड्रोसेरा बर्मानी जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरते, नाण्याएवढी किंवा थोडी मोठी. पानं पाचरीच्या आकाराची, आणि मधोमध फुलांचा उभा दांडा. तुमचं वीतभर झाड खोडावर पानं असलेलं असेल तर ते इंडिकाच. तरी शंका उरली तर भिंग घेऊन फूल बघा. बर्मानीत मधल्या परागवाहिन्या (बीजकोशावरच्या बारीक दांड्या) पाच असतात. इंडिकात तीन, पण प्रत्येक बुडापासून दुभंगलेली, त्यामुळे सहा वाटतात. गंमत बघायची असेल तर बर्मानीच्या कडेच्या लांब केसांवर चिलट बसू द्या. काही सेकंदांत ते आत वळतात.

आता एकाच जातीत एवढा फरक का, हा खरा प्रश्न. सडा लांबून सपाट दिसतो, पण वितीवितीला बदलतो. जांभ्याच्या उघड्या कातळावर बोटाच्या पेराएवढी माती, ऊन थेट, आणि पावसाने उघडीप दिली की ती माती लगेच सुकते. तिथला दवबिंदू खुरटा आणि लाल. शेजारच्या खळग्यात माती साठलेली, पाणी झिरपत राहतं, वर गवताची सावली. तिथे तोच दवबिंदू उंच, लुसलुशीत आणि हिरवा. लाली अँथोसायनिन या रंगद्रव्याची. ऊन कडक आणि नत्र कमी असलं की ती सहसा वाढते. नत्राची तूट तर सड्यावर कायमचीच, म्हणून तर या झाडाला किडे धरावे लागतात. ज्याच्या पानावर भरपूर चिलटं अडकली ते झाड जोमाने वाढतं, शेजारचं उपाशी राहतं.

त्यात वयाचाही घोळ आहे. इंडिका वर्षायू. पावसात रुजते आणि सडा वाळला की मरते, पण सगळं बी एका दिवशी रुजत नाही. दसऱ्याच्या सुमारास गेलात तर फुललेली, बोंडं धरलेली आणि नुकती चार पानं फुटलेली अशी सगळी एकत्र भेटतात. तुमचा बोटभरवाला कदाचित नुसता लहान असेल.

पण सगळं ऊन-पाण्यावर ढकलूनही चालत नाही. इंडिकाची फुलं गुलाबी असतात, जांभळट असतात, पांढरीही असतात. एकाच ओलाव्यात, एकाच उन्हात दोन रंग शेजारी फुलले असतील तर तो फरक बियातून आलेला समजायला हरकत नाही. काही झाडं तर कडक उन्हातही हिरवी ती हिरवीच राहतात आणि फूल पांढरं देतात. त्यांच्यात ती लाली मुळातच नसते. शिवाय फूल स्वतःच्याच परागाने फळतं आणि बारीक काळं बी बरंचसं आईच्या पायाशीच पडतं. म्हणून अशा झाडांचा कधी कधी एकत्र पट्टाच दिसतो, आणि माणसाला वाटतं, नवी जात सापडली.

पक्कं ठरवायचं तर दोन्हींचं बी एकाच कुंडीत, एकाच उन्हात रुजवून बघावं लागतं. टिकला तो फरक बियाचा, पुसला गेला तो जागेचा. झाडं मात्र उपटून आणू नका, परसात जगत नाहीत. आणि बीही बोंडं सुकल्यावर चिमूटभरच घ्या.

पुढच्या वेळी फोटो सकाळी, ऊन आल्यावर काढा, फुलं तेव्हा उघडतात. फूल, पान आणि पायाखालची माती असे तिन्ही टाका. मातीचा फोटो कोणीच टाकत नाही, मग लाल की हिरवा यावर नुसते वाद होतात.